बालवीर आणि वीरबाला

एखाद्या मोठ्या यात्रेचे ठिकाण डोळ्यांपुढे आणा. नदीच्या वाळवंटात माणसांची दाटी झाली आहे. टाळ-मृदंगांचा घोष, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि धुळीचे लोट यांत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा गर्दीत चार वर्षांच्या एका मुलाचा हात आईच्या हातून सुटतो. मूल रडू लागते. लोक क्षणभर थबकतात, हळहळतात आणि पुढे जातात. इतक्यात गळ्यात त्रिकोणी रुमाल बांधलेली बारा-तेरा वर्षांची दोन मुले तेथे येतात. एक मुलाला उचलून घेतो, दुसरा त्याला पाणी देतो व गोड बोलून त्याचे नाव विचारतो. दोघे त्याला चौकीवर नेतात आणि घटकाभरात माय-लेकरांची भेट होते. आई त्यांना खाऊसाठी पैसे देऊ लागते. परंतु मुले नम्रपणे नमस्कार करून पुन्हा गर्दीत दिसेनाशी होतात.

ही मुले म्हणजे स्काऊट, अर्थात बालवीर होत. मुलींच्या अशाच संघटनेतील मुलींना गाईड, म्हणजे वीरबाला असे म्हणतात. गर्दीतील इतर माणसांनाही त्या मुलाची दया आलीच होती. पण दयेचे रूपांतर कृतीत कसे करावयाचे, हे त्या दोघांना ठाऊक होते. दया आणि कृती यांमधील हे अंतर नाहीसे करणे, हाच या संघटनेचा हेतू आहे. ती कशी जन्मास आली, आपल्या देशात तिला कोणत्या अडचणींतून जावे लागले आणि ती मुलांना काय शिकविते, हे आता आपण पाहू.

या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच वडील वारले आणि मुलांच्या संगोपनाचा सारा भार आईवर पडला. शाळेतील पाठांपेक्षा रॉबर्टचे मन शाळेजवळच्या रानात अधिक रमे. शिक्षकांची नजर चुकवून तो तेथे जाई, पाखरांच्या व सशांच्या हालचाली न्याहाळी आणि धूर दिसू न देता चूल पेटवी. पाठ्यपुस्तकात न सापडणारे पुष्कळ ज्ञान त्याला त्या रानाने दिले.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८७६ साली, तो सैन्यात अधिकारी झाला व घोडदळाबरोबर हिंदुस्थानात आला. शत्रूच्या प्रदेशात एकट्याने जाणे, पावलांच्या खुणांवरून माग काढणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे आणि पाहिलेले अचूक सांगणे, या विद्येत तो निपुण झाला. अशा टेहळणी करणाऱ्या सैनिकाला इंग्रजीत स्काऊट म्हणतात. या विषयावर त्याने सैनिकांसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. ते १८९९ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर लोक यांच्यात युद्ध पेटले. मॅफेकिंग नावाच्या गावाला बोअर सैन्याने वेढा घातला. गावाच्या रक्षणाची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्यावर होती. हा वेढा २१७ दिवस चालला. गावात सैनिक थोडे होते. म्हणून तेथील गोऱ्या वसाहतीतील मुलांचे एक पथक तयार करण्यात आले. निरोप पोहोचविणे, टपाल नेणे, दवाखान्यात मदत करणे अशी कामे या मुलांवर सोपविली होती. तोफगोळे पडत असतानाही ती सायकलवरून निरोप घेऊन जात. वेढ्याच्या काळात गावात निघालेल्या एका टपाल तिकिटावर या पथकातील सायकलस्वार मुलाचे चित्र छापले गेले. मुलांवर खराखुरा विश्वास टाकला, तर ती तो सार्थ करून दाखवितात, ही गोष्ट बेडन-पॉवेल यांच्या मनावर कायमची कोरली गेली.

वेढा उठल्यावर ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांना एक नवल दिसले. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शाळेतील मुले व शिक्षक आवडीने वाचीत होते. त्यांच्या मनात विचार आला, की टेहळणीची ही विद्या युद्धासाठी न वापरता शांततेच्या काळात मुलांचे शील घडविण्यासाठी वापरली तर? शत्रूचा माग काढणारी दृष्टी दुःखिताची गरज हेरण्यास शिकली तर?

हा विचार पारखून पाहण्यासाठी त्यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर एक शिबिर भरविले. शिबिरात वीस मुले होती. त्यांतील काही श्रीमंतांच्या नामांकित शाळांतून आली होती, तर काही कामकऱ्यांच्या घरांतून. एरवी या दोन्ही वर्गांतील मुले एकमेकांशी बोललीही नसती. येथे मात्र ती एकाच राहुटीत झोपली, एकाच चुलीवरचे जेवली आणि एकाच कामाला भिडली. त्यांचे चार संघ करून प्रत्येक संघाला पशुपक्ष्यांची नावे दिली होती. प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच एक असे. सकाळी आफ्रिकेतील हरणाच्या वळणदार शिंगाचा नाद झाला, की मुले जागी होत. दिवसभर निरीक्षण, सुतळीच्या गाठी, जीवरक्षण, स्वयंपाक, खेळ असा कार्यक्रम चाले आणि रात्री शेकोटीभोवती गोष्टी रंगत. आठवड्याभराच्या या शिबिरातून स्काऊट चळवळ जन्मास आली.

पुढील वर्षी, १९०८ साली, बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक भागांभागांनी निघू लागले. चळवळीचा फैलाव त्यांच्या अपेक्षेपलीकडे झाला. ठिकठिकाणी मुले हे पुस्तक वाचून आपण होऊन संघ स्थापू लागली. १९०९ साली लंडनमध्ये हजारो स्काऊटांचा मेळावा भरला असता काही मुलीही तेथे येऊन दाखल झाल्या. मुलांना जे शिकता येते, ते आम्हांला का नको, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्याला नकारार्थी उत्तर देण्यासारखे काही कारण नव्हते. १९१० साली बेडन-पॉवेल यांनी आपल्या बहिणीच्या, ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींसाठी गाईड संघटना स्थापन केली. १९२० साली लंडन येथे अनेक देशांतील स्काऊटांचा पहिला जागतिक मेळावा भरला. नुकत्याच संपलेल्या महायुद्धाच्या जखमा ताज्या असताना निरनिराळ्या देशांची मुले एका मैदानावर एकत्र आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. भारतात स्काऊटांचे पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे निघाले आणि गाईडांचे पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. परंतु या पथकांची दारे भारतीय मुलांना बंद होती. युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच तेथे प्रवेश मिळे. प्रत्येक स्काऊटाला बंधू मानावे असे शिकविणाऱ्या संघटनेने या देशाच्याच लेकरांना बाहेर उभे करावे, ही मोठी विसंगती होती. भारतीय मुलांना शिस्त, संघटना आणि गणवेश दिला, तर उद्या ती आपल्याविरुद्धच उभी राहतील, अशी धास्ती त्या वेळच्या राज्यकर्त्यांना वाटत होती.

पण चांगली गोष्ट दुसऱ्याने देण्याची वाट पाहत न बसता ती स्वतः उभारणारी माणसे या देशात होती. १९१३ च्या सुमारास भारतीय मुलांसाठी स्वतंत्र पथके निघू लागली. मध्यप्रांतात व्हिव्हियन बोस यांनी या कामी पुढाकार घेतला. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी पथक उभारले. पुढे पंडित मदनमोहन मालवीय व पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या प्रेरणेने अलाहाबाद येथे सेवा समिती स्काऊट संघटना स्थापन झाली. प्रयागच्या मेळ्यातील यात्रेकरूंची सेवा ही जणू त्यांची पाठशाळाच होती. मद्रासकडे ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांची संघटना उभी केली. तिच्यातील मुले इंग्रजी पद्धतीच्या टोपीऐवजी फेटा बांधीत.

१९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले. भारतीय मुलांचे काम पाहून त्यांना वगळणे योग्य नाही, हे त्यांना पटले व सर्व संघटना एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. बऱ्याच संघटना एक झाल्या; सेवा समितीची संघटना मात्र स्वतंत्र राहिली. पुढे १९३७ साली दिल्लीच्या मेळाव्यासाठी बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्या सुमारास त्यांनी भारतीयांच्या शीलाविषयी काढलेले अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले आणि साऱ्या देशात संताप उसळला. अनेक स्काऊटांनी मूळ संघटना सोडली. १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट संघटना स्थापन झाली.

मुलांनो, या प्रसंगाचा नीट विचार करा. ज्याने बंधुभावाचा नियम लिहिला, त्याच्याच हातून त्या नियमाला बाधा आली. थोर माणसेही चुकतात. तेव्हा भारतीय स्काऊटांनी काय केले? त्यांनी तो अपमान मुकाट्याने गिळला नाही. परंतु रागाच्या भरात सेवेचे व्रतही टाकून दिले नाही. व्यक्तीची चूक त्यांनी नाकारली आणि तत्त्व जपले. हा विवेक सर्वांनी शिकण्यासारखा आहे.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा एकाच कार्यासाठी दोन-तीन निरनिराळ्या संघटना असणे पुढाऱ्यांना इष्ट वाटेना. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद, मध्यप्रांताचे राज्यपाल मंगलदास पकवासा, पंडित कुंझरू, न्यायमूर्ती बोस आदींनी एकीसाठी परिश्रम घेतले. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संघटना जन्मास आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. संघटनेच्या चिन्हात स्काऊटांचे कमळासारखे तीन पाकळ्यांचे चिन्ह, गाईडांचे त्रिदल आणि मध्यभागी अशोकचक्र आहे. ज्या दारातून एके काळी भारतीय मुलांना परत पाठविले जाई, त्याच दारावर आता भारताचे चक्र झळकू लागले.

या संघटनेत मुलांना वयोमानाप्रमाणे निरनिराळ्या शाखांत घेतात. लहान मुलांना कब व लहान मुलींना बुलबुल म्हणतात. साधारणतः दहा वर्षांनंतर मुलगा स्काऊट व मुलगी गाईड होते. त्यांहून मोठ्या तरुणांना रोव्हर व तरुणींना रेंजर असे नाव आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ होतो आणि काही संघांचे मिळून एक पथक बनते. संघाचा नायक मुलांमधूनच निवडला जातो. कोणी पाणी भरावे, कोणी भांडी घासावी, वाट चुकल्यास काय करावे, हे ठरविणे त्याचे काम असते. त्यामुळे आज्ञा पाळण्याबरोबरच जबाबदारी उचलण्याची सवयही मुलांना लागते. येथील शिस्त वरून लादलेली नसून स्वतः स्वीकारलेली असते.

संघटनेत प्रवेश करताना प्रत्येक मुलगा व मुलगी तीन गोष्टींचे वचन देते : ईश्वराविषयीचे वा धर्माविषयीचे व देशाविषयीचे कर्तव्य बजावणे, इतरांना साहाय्य करणे आणि संघटनेचे नियम पाळणे. वचन देताना उजव्या हाताची मधली तीन बोटे सरळ उभी धरतात. ही तीन बोटे वचनाच्या तीन भागांची आठवण देतात. अंगठा करंगळीवर टेकविलेला असतो. बलवानाने दुर्बलाचे रक्षण करावे, असा त्याचा अर्थ आहे. नियम नऊ आहेत. विश्वासास पात्र असावे, निष्ठावंत असावे, सर्वांशी मैत्री ठेवावी, विनयाने वागावे, पशुपक्ष्यांवर व निसर्गावर प्रेम करावे, शिस्त पाळून सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करावे, धैर्य धरावे, काटकसर करावी आणि विचार, उच्चार व आचार शुद्ध ठेवावा, हे त्यांचे सार होय.

स्काऊटांचे आणि गाईडांचे ब्रीद आहे ‘तयार राहा.’ कशासाठी तयार राहावयाचे? संकट कधी निरोप पाठवून येत नाही. समजा, एखादा मुलगा विहिरीत किंवा नदीत बुडत आहे. काठावरील माणसाचे मन कितीही कळवळले, तरी पोहण्याचा सराव नसताना त्याने उडी घेतली, तर एकाऐवजी दोघांचे प्राण जातात. तयारी असलेला मुलगा प्रथम मदतीसाठी हाक देईल. मग काठावर आडवे पडून बांबू पुढे करील, दोर फेकील किंवा डोक्याचे पागोटे सोडून त्याचे टोक टाकील. दोराच्या टोकाला त्याने अशी गाठ मारलेली असेल, की तिचा फास ओढला तरी आवळत नाही. तो फास बुडणाऱ्याच्या काखांखाली बसतो व त्याला इजा न होता वर ओढता येते. मलमपट्टी बांधावयाची असेल, तर गाठ निराळी. ती सपाट बसली पाहिजे, म्हणजे रुग्णाला टोचणार नाही; आणि सोडतेवेळी सहज सुटली पाहिजे. कोणत्या प्रसंगी कोणती गाठ मारावी हे ठाऊक असणे, ही लहानशी गोष्ट वाटते. परंतु तिच्यावर कधी कधी एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

गळ्यातील रुमाल हाही केवळ शोभेसाठी नसतो. हात मोडलेल्या माणसाचा हात त्याच रुमालाच्या झोळीत गळ्याशी बांधता येतो. कोणाच्या कपड्यांनी पेट घेतला, तर त्याने धावू नये, कारण वाऱ्याने ज्वाळा भडकतात. त्याला जमिनीवर आडवे करून जाड घोंगडीने झाकावे. साप चावल्यास जखम कापू नये किंवा तोंडाने विष शोषू नये. रुग्णाला धीर द्यावा, त्याला हालचाल करू देऊ नये आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. हे सारे संकट येण्यापूर्वीच शिकून ठेवावे लागते.

मैदानावर शिकलेल्या भूमितीचा उपयोगही या मुलांना होतो. नदी न ओलांडता तिची रुंदी मोजावयाची आहे असे समजा. पलीकडच्या काठावरील अगदी समोरचे एक झाड हेरावे व आपण उभे आहोत तेथे एक दगड ठेवावा. तेथून काठाने सरळ तीस पावले चालून एक काठी रोवावी. त्याच दिशेने आणखी तीस पावले जावे. आता नदीकडे पाठ करून काटकोनात चालू लागावे आणि वारंवार मागे वळून पाहावे. काठी आणि पलीकडचे झाड ज्या ठिकाणाहून एका रेषेत दिसतील, तेथे थांबावे. काटकोनात चाललेली ही पावले म्हणजेच नदीची रुंदी. कारण काठीच्या दोहों बाजूंना झालेले त्रिकोण सारखेच असतात. त्याचप्रमाणे रात्री वाट चुकल्यास सप्तर्षींपैकी पुलह आणि क्रतू हे दोन तारे जोडून ती रेषा क्रतूच्या दिशेने पुढे वाढवावी. ती ध्रुवाजवळ पोहोचते व उत्तर दिशा कळते.

असे शिक्षण घेत घेत मुले एकेक सोपान चढतात. तीन सोपान पूर्ण केल्यावर राज्य पुरस्कारासाठी आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कारासाठी त्यांची परीक्षा होते. मध्यप्रदेशात पचमढी येथे संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. सातपुड्याच्या डोंगरांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली मुले व शिक्षक तेथे एकत्र राहतात. महाराष्ट्रालाही या चळवळीत एक मानाचे स्थान लाभले आहे. जगातील गाईडांसाठी जी थोडी आंतरराष्ट्रीय केंद्रे आहेत, त्यांपैकी ‘संगम’ हे केंद्र पुणे येथे आहे. १९६६ साली ते सुरू झाले. निरनिराळ्या देशांच्या, भाषांच्या व धर्मांच्या मुली तेथे येऊन राहतात. म्हणून नद्यांच्या मीलनाचे हे नाव त्याला फार शोभते.

आपल्या देशात तर एका पंक्तीला बसून जेवण्याचे महत्त्व विशेष आहे. जातीजातींत, गावागावांत आणि भाषाभाषांत उभ्या असलेल्या भिंती केवळ भाषणांनी पडत नाहीत. पण पावसाने भिजलेली राहुटी सहा जणांनी मिळून सावरली, एकाने आणलेली लाकडे दुसऱ्याने फुंकून पेटविली आणि अर्धवट भाजलेल्या भाकऱ्या सर्वांनी हसत वाटून खाल्ल्या, म्हणजे आपला सोबती कोणत्या घरचा हा प्रश्न मनात उरत नाही. शिबिराचा हा लाभ कोणत्याही पदकाहून मोठा आहे.

बेडन-पॉवेल यांचे ८ जानेवारी १९४१ रोजी आफ्रिकेतील केनिया देशात निधन झाले. न्येरी गावी त्यांची समाधी आहे. रानात वाट दाखविण्यासाठी स्काऊट जमिनीवर काही खुणा करतात. बाण म्हणजे या वाटेने जावे, फुली म्हणजे या वाटेने जाऊ नये. आणि वर्तुळात एक ठिपका म्हणजे ‘माझे काम संपले, मी घरी गेलो.’ त्यांच्या समाधीच्या दगडावर तेच वर्तुळ आणि तोच ठिपका कोरलेला आहे.

मुलांनो, तुमच्या शाळेत स्काऊट किंवा गाईड पथक असेल, तर त्यात अवश्य सामील व्हा. नसेल तरीही निराश होऊ नका. दररोज एक तरी सत्कृत्य करावे, असा या संघटनेचा परिपाठ आहे आणि त्यासाठी गणवेशाची आवश्यकता नाही. वाटेवरील काच उचलणे, वाहता नळ बंद करणे, आंधळ्या वृद्धाला रस्ता ओलांडून देणे, ही कामे आजच, याच गावात तुमची वाट पाहत आहेत. त्यांसाठी डोळे उघडे ठेवा, हात तयार ठेवा. मोठ्या संकटाच्या वेळी धावून जाण्याचे सामर्थ्य अशा लहान लहान कामांतूनच अंगी येते.

स्वाध्याय

१. यात्रेतील इतर लोक आणि ती दोन मुले यांच्या वागण्यात कोणता फरक होता?
२. ब्राउनसी बेटावरील शिबिरात कोणकोणती मुले होती? त्यांना एकत्र ठेवण्यामागे कोणता हेतू असावा?
३. ‘व्यक्तीची चूक त्यांनी नाकारली आणि तत्त्व जपले,’ हे वाक्य कोणत्या प्रसंगाला उद्देशून आहे? ते स्पष्ट करा.
४. पोहता न येणाऱ्या मुलाने बुडणाऱ्याला कशी मदत करावी?
५. पाठात सांगितलेल्या रीतीने शाळेच्या मैदानाची रुंदी ते न ओलांडता मोजा. नंतर प्रत्यक्ष पावले मोजून दोन्ही उत्तरे ताडून पाहा.